होलोग्राफी : विज्ञान आणि कला यांच्या सहप्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञान आणि कला या मानवी प्रज्ञेच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत, अशी समजूत आपल्या शिक्षणव्यवस्थेत खोलवर रुजली आहे. महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी एका शाखेची निवड करतो आणि त्या क्षणापासून दुसरी शाखा त्याच्यासाठी जवळजवळ परकी होते. १९५९ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी या दुभंगाला 'दोन संस्कृती' असे नाव दिले आणि त्यानंतर या विषयावर विपुल चर्चा झाली. मात्र दोन्ही शाखांना एकाच वेळी लाभलेले, दोघींनीही घडविलेले आणि तरीही दोघींच्या सीमेवर काहीसे पोरके राहिलेले एक माध्यम याच काळात जन्मास येत होते, याकडे त्या चर्चेत क्वचितच लक्ष दिले गेले. ते माध्यम म्हणजे होलोग्राफी.

होलोग्राफीचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. भौतिकशास्त्राच्या ग्रंथांत तो गाबोर, लीथ आणि देनिस्युक यांच्या शोधांपाशी सुरू होऊन औद्योगिक उपयोगांपाशी संपतो. कलावंतांचा उल्लेख आलाच तर तो शेवटच्या परिच्छेदात, शोभेपुरता येतो. कलेतिहासात तर होलोग्राफीला बहुधा जागाच मिळत नाही. या दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत. होलोग्राफीच्या विकासात कलावंतांचा सहभाग आलंकारिक होता की घटक स्वरूपाचा, आणि तो घटक स्वरूपाचा असेल तर या माध्यमाला कलाविश्वात स्थिर स्थान का मिळाले नाही, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तरंगाची हरवलेली कला

होलोग्राफीचे तत्त्व समजून घेण्यासाठी साध्या छायाचित्राची मर्यादा आधी ध्यानात घ्यावी लागते. वस्तूवरून परावर्तित होणारा प्रकाश तरंगरूप असतो. या तरंगाची दोन लक्षणे महत्त्वाची : एक, त्याचा परमप्रसर, ज्यावर प्रकाशाची तीव्रता अवलंबून असते, आणि दुसरे, तरंग आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारी अवस्था. इंग्रजीत जिला 'फेज' म्हणतात त्या अवस्थेसाठी मराठी विज्ञानपरिभाषेत 'कला' हा शब्द रूढ आहे. चंद्राच्या कला म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो तोच येथेही आहे. छायाचित्राची फिल्म केवळ तीव्रता टिपते. कला टिपण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. वस्तूचा कोणता बिंदू जवळ आणि कोणता दूर, ही माहिती प्रामुख्याने कलेत सामावलेली असल्याने छायाचित्र सपाट होते. भौतिकशास्त्राच्या अर्थाने 'कला' हरवलेले चित्र म्हणजे छायाचित्र, असे म्हणता येईल.

हरवणारी ही कला टिपण्याची युक्ती व्यतिकरणात आहे. संथ पाण्यात दोन ठिकाणी खडे टाकले असता निर्माण होणाऱ्या लहरी जेथे एकमेकींना छेदतात, तेथे काही जागी उंचवटे वाढतात आणि काही जागी पाणी स्तब्ध राहते. त्याचप्रमाणे वस्तूवरून आलेली प्रकाशशलाका आणि त्याच उगमापासून थेट आणलेली संदर्भशलाका प्रकाशसंवेदी पट्टिकेवर एकत्र आल्या की तेथे अतिसूक्ष्म काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाळे उमटते. या जाळ्यात कलेतील फरकाचे रूपांतर तीव्रतेतील फरकात झालेले असते आणि तीव्रता तर पट्टिकेला टिपता येते. पट्टिका धुऊन तिच्यावर पुन्हा संदर्भशलाका टाकली असता विवर्तनामुळे मूळ वस्तूकडून येणारा तरंगच जणू पुन्हा प्रवाहित होतो. पाहणाऱ्याने मान हलविली की पुढची वस्तू सरकते आणि मागची दिसू लागते. पट्टिकेचा तुकडा झाला तरी त्या तुकड्यातून संपूर्ण दृश्य दिसते. फक्त ते पाहण्याचा कोन अरुंद होतो. खिडकीचा बराचसा भाग झाकला तरी उरलेल्या फटीतून बाहेरचे अंगण दिसावे, तसेच हे आहे.

या युक्तीची किंमत मोठी आहे. दोन्ही शलाका परस्परसुसंगत असाव्या लागतात. पट्टिकेवर एका मिलिमीटरमध्ये हजाराहून अधिक रेषा उमटण्याइतकी सूक्ष्मता लागते. प्रकाशन चालू असताना वस्तू, आरसे वा पट्टिका यांपैकी काहीही तरंगलांबीच्या अल्प अंशाहून अधिक हलून चालत नाही. हेलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. ही अट पुढे कलावंतांच्या वाट्याला विशेष रीतीने आली, म्हणून तिचा येथे निर्देश केला आहे.

डेनिस गाबोर : काळाच्या पुढे गेलेला शोध

होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांचा जन्म ५ जून १९०० रोजी बुडापेस्ट येथे झाला. बर्लिनमध्ये शिक्षण घेऊन ते सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. ज्यू वंशाच्या गाबोर यांना १९३३ मध्ये नाझी सत्तेच्या उदयानंतर जर्मनी सोडावी लागली. पुढे ते इंग्लंडमधील रग्बी येथील ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांच्यासमोर असलेला प्रश्न त्रिमितीय चित्रांचा नव्हताच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांमध्ये गोलीय विपथनाचा दोष असल्यामुळे अणू दिसण्याइतकी विभेदनक्षमता मिळत नव्हती. भिंग सुधारण्याचा नाद सोडून, सदोष का होईना पण संपूर्ण माहिती असलेली प्रतिमा घ्यावी आणि नंतर दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने तिच्यातील दोष दूर करावा, ही कल्पना त्यांना १९४७ च्या ईस्टरच्या सुटीत टेनिसच्या मैदानालगत बसले असताना सुचली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे.

१९४८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. 'संपूर्ण' या अर्थाच्या 'होलॉस' आणि 'लेख' वा 'संदेश' या अर्थाच्या 'ग्रामा' या ग्रीक शब्दांवरून त्यांनी 'होलोग्राम' ही संज्ञा तयार केली. पहिल्या होलोग्रामसाठी त्यांनी निवडलेला विषय लक्षणीय आहे. पारदर्शक फिल्मच्या सूक्ष्म तुकड्यावर हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल ही प्रकाशाच्या तरंगसिद्धांताच्या तिन्ही आचार्यांची नावे लिहिलेली होती. विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेली ही आदरांजलीच होय.

मात्र साधने तोकडी होती. पारा-दीपाचा प्रकाश जेमतेम ०.१ मिलिमीटर अंतरापर्यंत सुसंगत राहत असे. शिवाय गाबोर यांच्या रचनेत वस्तू आणि संदर्भ तरंग एकाच रेषेत असल्यामुळे मूळ प्रतिमेवर तिची जुळी प्रतिमा येऊन दृश्य पुसट होई. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या विषयातील उत्साह ओसरला. गाबोर १९४९ पासून लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये होते आणि अन्य विषयांकडे वळले होते. त्यांना १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा मूळ कल्पनेला सुमारे चोवीस वर्षे लोटली होती. ज्या हेतूने त्यांनी हा शोध लावला, ती इलेक्ट्रॉन होलोग्राफी जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या प्रयोगांतून प्रभावीपणे सिद्ध होण्यास त्यानंतरही काही काळ जावा लागला. शोध ज्यासाठी लागतो आणि ज्यासाठी तो प्रसिद्ध होतो, या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

लेनिनग्राड आणि मिशिगन

१९६० च्या दशकाच्या आरंभी हा विसरलेला विषय जगाच्या दोन टोकांना, परस्परांच्या नकळत, पुन्हा जिवंत झाला. लेनिनग्राडच्या वाविलॉव्ह राज्य प्रकाशिकी संस्थेत युरी देनिस्युक यांनी १९५८ पासून या दिशेने प्रयत्न सुरू केले. त्यांच्या प्रेरणेचे दोन उगम सांगितले जातात आणि ते दोन्ही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला उगम गाब्रिएल लिपमन यांच्या १८९१ मधील व्यतिकरणावर आधारित रंगीत छायाचित्रणाचा. या कार्यासाठी लिपमन यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. दुसरा उगम इव्हान येफ्रेमॉव्ह या रशियन लेखकाच्या विज्ञानकथेचा. त्या कथेत परग्रहवासीयाची जिवंत भासणारी त्रिमितीय प्रतिमा उत्खननात सापडते. अशी प्रतिमा वस्तुतः घडविता येईल काय, या प्रश्नाने देनिस्युक यांना पछाडले. ललित साहित्यातील कल्पनेने प्रयोगशाळेतील संशोधनाला दिशा दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा आढळते. त्यांनी दोन शलाका पट्टिकेच्या दोन विरुद्ध बाजूंनी आणल्या. परिणामी व्यतिकरणाचे थर पट्टिकेच्या लेपाच्या जाडीत तयार झाले आणि हा होलोग्राम साध्या पांढऱ्या प्रकाशातही दिसू लागला. १९६२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले; परंतु मायदेशात त्याला तत्काळ मान्यता लाभली नाही. पश्चिमेत होलोग्राफीचा गाजावाजा झाल्यावरच त्याचे मोल ओळखले गेले आणि १९७० मध्ये देनिस्युक यांना लेनिन पारितोषिक देण्यात आले.

दुसरा प्रयत्न अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेतला. एमेट लीथ तेथे लष्करी उपयोगाच्या रडारच्या संकेतांवर प्रकाशीय प्रक्रिया करण्याचे काम करीत होते. त्या ओघात ते गाबोर यांच्या तत्त्वापाशी स्वतंत्रपणे पोहोचले. युरिस उपात्निक्स या लॅटव्हियात जन्मलेल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी संदर्भशलाका वस्तुशलाकेशी कोन करून आणण्याची पद्धत विकसित केली आणि जुळ्या प्रतिमेचा प्रश्न सुटला. १९६२ च्या त्यांच्या लेखात या पद्धतीची मांडणी संदेशवहनाच्या सिद्धांताच्या भाषेत आहे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखविला होता. त्यापाठोपाठ हेलियम-निऑन लेसर उपलब्ध झाला आणि सुसंगत प्रकाशाची उणीव भरून निघाली. एप्रिल १९६४ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या प्रकाशिकी संस्थेच्या अधिवेशनात लीथ आणि उपात्निक्स यांनी खेळण्यातील आगगाडीचा होलोग्राम दाखविला. तो पाहण्यासाठी हॉटेलच्या दालनाबाहेर शास्त्रज्ञांची रांग लागली आणि काहींनी गाडी कोठे लपविली आहे याचा शोध घेतला, असे वर्णन उपलब्ध आहे. प्रकाशिकीचे जाणकारही क्षणभर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यास तयार नव्हते. होलोग्रामच्या या सौंदर्यानुभवाने प्रथम भारावले ते शास्त्रज्ञच, ही बाब येथे नोंदविणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळेच्या दारात कलावंत

शास्त्रज्ञांनी आपल्या प्रात्यक्षिकांसाठी निवडलेले विषय पाहिले तर खेळणी, बुद्धिबळाच्या सोंगट्या, लहान पुतळे अशा हाताशी असलेल्या स्थिर वस्तू आढळतात. पद्धत सिद्ध करणे हे उद्दिष्ट असल्यामुळे विषय गौण होता. होलोग्राममध्ये काय दाखवावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, होलोग्रामलाच दाखविता येईल असे काय आहे, हा प्रश्न कलावंतांनी उपस्थित केला.

ब्रिटिश चित्रकर्ती मार्गारेट बेन्यन यांना चित्रांतील व्यतिकरण-आकृत्यांमध्ये रस होता. १९६८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात ललितकलेची अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर त्यांनी तेथील अभियांत्रिकी प्रयोगशाळेच्या साहाय्याने होलोग्राम घडविण्यास प्रारंभ केला आणि १९६९ मध्ये तेथेच त्यांचे प्रदर्शन झाले. 'हॉट एअर' (१९७०) ही त्यांची कलाकृती या दृष्टीने अभ्यासनीय आहे. प्रकाशन चालू असताना जे हलते ते होलोग्राममध्ये उमटत नाही. त्याच्या जागी त्याच आकाराची काळी पोकळी राहते. अभियंत्यांच्या लेखी हा दोष होता. बेन्यन यांनी मानवी हात आणि गरम पाण्याचे पात्र यांच्या जागी उमटलेल्या या काळ्या पोकळीलाच कलाकृतीचा विषय केले. निर्जीव वस्तू लख्ख दिसाव्यात आणि जिवंत देहाची मात्र रिकामी जागा दिसावी, ही या माध्यमाची अंगभूत विसंगती होती. तंत्राने जे टाळले ते कलेने समोर आणले. तरंगलांबीच्या अंशाएवढ्या स्थैर्याची जी अट पूर्वी नमूद केली, तिचा मानवी अर्थ या कृतीतून प्रकटतो.

अमेरिकन कलावंत ब्रूस नाऊमन यांनी १९६८ मध्ये 'मेकिंग फेसेस' ही मालिका केली. त्यासाठी त्यांनी स्पंद-लेसरचा अवलंब केला. या लेसरचा झोत इतका क्षणिक असतो की जिवंत चेहराही त्या अवधीत स्थिर ठरतो. कंडक्ट्रॉन या कंपनीत लॉरेन्स सीबर्ट यांनी १९६७ मध्ये याच पद्धतीने स्वतःचे होलोग्राफिक व्यक्तिचित्र घेतले होते. तांत्रिक दृष्ट्या नाऊमन यांची मालिका त्याच मार्गाने जाते. तथापि सीबर्ट यांच्या प्रतिमेत माणूस होलोग्राममध्ये येऊ शकतो हे सिद्ध करण्याचा हेतू आहे, तर नाऊमन ओठ ओढून, गाल दाबून स्वतःचा चेहरा मातीसारखा विकृत करतात. शिल्पाचा कच्चा माल म्हणून देह आणि त्याची अमूर्त प्रकाशप्रतिमा, असा प्रश्न त्यात आहे.

साल्वादोर दाली यांच्यासारखा विख्यात चित्रकारही या माध्यमाकडे वळला. गाबोर यांना नोबेल मिळाल्यानंतर, १९७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत दाली यांच्या होलोग्रामांचे प्रदर्शन भरले. १९७३ मध्ये त्यांनी गायक अॅलिस कूपर यांचा दंडगोलाकार होलोग्राम केला. दाली यांच्या नावामुळे माध्यमाला प्रसिद्धी मिळाली. पण ती कुतूहलाची प्रसिद्धी होती. याउलट हॅरिएट कॅसडिन-सिल्व्हर यांनी अमेरिकन ऑप्टिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसोबत दीर्घकाळ काम करून प्रतिमा पट्टिकेच्या पुढे, प्रेक्षकाच्या अंगावर येईल अशा रीतीने प्रक्षेपित करण्याच्या शक्यता धुंडाळल्या. 'इक्विव्होकल फोर्क्स' (१९७७) मधील काटे प्रेक्षकाच्या दिशेने हवेत रोखलेले दिसतात. हात पुढे केला तर मात्र स्पर्शाला काहीच लागत नाही. त्याच वर्षी जर्मनीतील कॅसेल येथे भरलेल्या 'डॉक्युमेंटा ६' या प्रदर्शनातील 'सेंटरबीम' या सामूहिक कलाकृतीत त्यांच्या होलोग्रामांचा समावेश होता.

वाळूचे टेबल आणि पांढरा प्रकाश

कलावंतांचे योगदान केवळ विषयनिवडीपुरते नव्हते, हे दाखविणाऱ्या दोन घटना तंत्राच्या इतिहासात आढळतात.

पहिली घटना वाळूच्या टेबलाची. कंपनांपासून मुक्त अशी प्रकाशीय टेबले पोलादाची वा दगडी शिळांची असत आणि ती मोठ्या संस्थांनाच परवडत. मिशिगनमधून आलेले भौतिकशास्त्रज्ञ लॉइड क्रॉस आणि शिल्पकार जेरी पेथिक यांनी यावर स्वस्त उपाय काढला. हवा भरलेल्या रबरी ट्यूबांवर लाकडी पेटी ठेवायची, तिच्यात वाळू भरायची आणि आरसे व भिंगे नळ्यांवर बसवून त्या नळ्या वाळूत रोवायच्या. वाळूचे वजन आणि ट्यूबांतील हवा मिळून कंपने शोषून घेत. आरशाची जागा बदलायची तर नळी उपसून दुसरीकडे रोवली की पुरे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या होलोग्राफीच्या शाळेत ही पद्धत शिकविली गेली. भौतिकशास्त्राची पदवी नसलेल्या असंख्य लोकांना त्यामुळे होलोग्राम घडविता आले. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही वाळूची पेटी पुढे स्वीकारली गेली. साधनांचे हे लोकशाहीकरण शिल्पकाराच्या कार्यशाळेतील हातोटीतून आले, याची दखल विज्ञानेतिहासाने घेतली पाहिजे.

दुसरी घटना पांढऱ्या प्रकाशाच्या होलोग्रामची. पोलरॉइड कंपनीत संशोधन करणारे स्टीफन बेंटन यांनी १९६८ मध्ये इंद्रधनुषी होलोग्राम शोधून काढला. लेसरने घेतलेला पारगमन-होलोग्राम पाहण्यासाठीही लेसर लागत असे. साध्या दिव्याखाली प्रतिमा विस्कटून जाई. माणसाचे दोन डोळे एका आडव्या रेषेत असतात, त्यामुळे खोलीची जाणीव आडव्या दिशेच्या दृष्टिभेदातून होते. उभ्या दिशेच्या माहितीचा त्याग केला तरी खोलीचा भास टिकतो, हे ओळखून बेंटन यांनी आडव्या अरुंद फटीतून घेतलेल्या प्रतिमेचा होलोग्राम केला. आता साध्या दिव्याच्या प्रकाशातही प्रतिमा तेजस्वी दिसू लागली. मात्र प्रेक्षकाने डोके वर-खाली केले की तिचे रंग बदलत. ही तडजोड शास्त्रज्ञाने केली, पण तिच्यातील रंगसामर्थ्य फुलविले ते कलावंतांनी. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे रूडी बर्खाउट यांच्या 'ट्वेल्व्ह मिलिवॉट बूगी' (१९७८) मध्ये अवकाशात तरंगणारे अमूर्त आकार प्रेक्षकाच्या हालचालीबरोबर रंग बदलतात. शीर्षकातील एक शब्द लेसरच्या शक्तीचे एकक आहे आणि दुसरा संगीताच्या लयीचा. या युगाची मनोवृत्ती त्या शीर्षकात एकवटली आहे. क्रॉस यांनी चलच्चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीची एकेक उभी पट्टी करून होलोग्रामला गतीही मिळवून दिली. त्यांच्या 'किस टू' मध्ये प्रेक्षक चालत पुढे गेला की प्रतिमेतील स्त्री त्याला हवेतून चुंबन पाठविते.

मान्यता आणि नकार

१९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी येथे होलोग्राफीच्या पहिल्या दशकाचा आढावा घेणारे प्रदर्शन भरले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे प्रभावी कलासमीक्षक हिल्टन क्रेमर यांनी त्यावर कठोर टीका केली; त्यांच्या मते ती तांत्रिक करामत होती, कला नव्हे. तथापि प्रेक्षकांचा उत्साह कमी झाला नाही. या प्रदर्शनाच्या संयोजिकांपैकी एक, रोझमेरी जॅक्सन यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात होलोग्राफीचे संग्रहालय स्थापन केले. १९७७ मध्ये लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत भरलेल्या 'लाइट फँटॅस्टिक' या प्रदर्शनालाही मोठी गर्दी झाली.

क्रेमर यांची टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. आरंभीच्या अनेक होलोग्रामांत विस्मयापलीकडे काही नव्हते आणि विस्मय दुसऱ्या भेटीत टिकत नाही. छायाचित्रणावरही एकोणिसाव्या शतकात असाच आक्षेप घेतला गेला होता. छायाचित्रणाने तो ओलांडला, होलोग्राफीला तो पूर्णतः ओलांडता आला नाही. याची कारणे केवळ कलावंतांच्या कुवतीत शोधणे अन्यायाचे ठरेल.

पहिले कारण पुनर्मुद्रणाचे. आधुनिक कलेतिहास ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील छायाचित्रांवर उभा आहे. ज्या कृती वाचकाने कधी प्रत्यक्ष पाहिल्या नाहीत त्यांचेही मूल्यमापन तो त्या आधारे करतो. होलोग्रामचे छायाचित्र घेतले की त्यातून तीच गोष्ट वजा होते जिच्यासाठी होलोग्राम घडविलेला असतो. परिणामी अध्यापनात, समीक्षेत आणि स्मृतीत हे माध्यम अदृश्य राहिले. दुसरे कारण प्रदर्शनव्यवस्थेचे. दिव्याचा कोन चुकला की प्रतिमा लोप पावते आणि भिंतीवर केवळ काळपट काच उरते. कलादालनांकडे यासाठी लागणारे कौशल्य क्वचितच होते. तिसरे कारण सर्वांत निर्णायक आहे. कलावंत रंग स्वतः घोटू शकतो, पण होलोग्राफीची सूक्ष्मकणी पट्टिका मोजक्या मोठ्या कंपन्याच तयार करीत. १९९० च्या दशकात अॅगफासारख्या उत्पादकाने या व्यवसायातून अंग काढून घेतले, तेव्हा अनेक कलावंतांचे साधनच हिरावले गेले. ज्या माध्यमाचा कागद आणि शाई दोन्ही दुसऱ्याच्या ताळेबंदावर अवलंबून असतात, त्याचे स्वातंत्र्य किती टिकणार, हा प्रश्न येथे उभा राहतो.

न्यूयॉर्कचे होलोग्राफी संग्रहालय १९९२ मध्ये बंद पडले. १९९३ मध्ये त्याचा संग्रह मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संग्रहालयाने घेतला. कलावस्तूंचा हा ठेवा अखेर एका तंत्रज्ञान संस्थेने सांभाळला, यात या माध्यमाच्या भाग्याचा आणि दुर्दैवाचाही निर्देश आहे.

कलाकृतीपासून सुरक्षाचिन्हापर्यंत

कलादालनांत होलोग्राम मागे पडत असताना बाजारपेठेत त्याचा प्रसार झपाट्याने झाला. बेंटन यांच्या इंद्रधनुषी होलोग्रामचे सूक्ष्म उंचवटे धातूच्या ठशावर उतरवून प्लॅस्टिकच्या चकचकीत पातळ पत्र्यावर दाबता येतात; त्यामुळे लाखो प्रती स्वस्तात काढता येऊ लागल्या. १९८३ मध्ये मास्टरकार्डने आणि पुढे व्हिसाने आपल्या पतपत्रांवर होलोग्राम वापरण्यास सुरुवात केली. 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने मार्च १९८४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम छापला. भारतीय नागरिकाच्या परिचयाचा होलोग्रामही याच जातीचा आहे : मतदार ओळखपत्रावरील चमकती चिकटपट्टी अनेकांच्या संग्रही असेल. येथे एक उपरोध दिसतो. ज्या गुणामुळे कलेतिहासाने होलोग्राम दूर ठेवला, त्याची छायाचित्रीय नक्कल होत नाही हा गुण, त्याच गुणामुळे व्यापाराने आणि शासनाने त्याला जवळ केले.

भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांचा या क्षेत्रातील वाटाही मोठा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले पी. हरिहरन यांचा 'ऑप्टिकल होलोग्राफी' (१९८४) हा ग्रंथ या विषयाच्या प्रमाणग्रंथांपैकी एक मानला जातो.

दरम्यान 'होलोग्राम' हा शब्द मात्र आपल्या अर्थापासून सैल झाला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीतील त्रिमितीय भाषणे होलोग्राम म्हणून ओळखली गेली; त्यांमागील तत्त्व मात्र १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर लोकप्रिय केलेल्या तिरप्या काचेच्या प्रतिबिंबाचे होते. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतील इंडिया गेटजवळ अनावरण झालेली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची होलोग्राम-प्रतिमा पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपित केलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे ग्रॅनाइटचा पुतळा उभारण्यात आला. या प्रयोगांचे स्वतःचे मूल्य असू शकते. परंतु त्यांत तरंगाची कला टिपलेली नसते, आणि म्हणून शास्त्रीय अर्थाने ते होलोग्राम नव्हेत. वर्गात विद्यार्थ्यांना हा भेद समजावून देणे हे विज्ञानशिक्षणाचे आणि भाषाशिक्षणाचेही कार्य आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. होलोग्राफीच्या जडणघडणीत कलावंतांचा सहभाग आलंकारिक नव्हता. वाळूच्या टेबलासारखे साधन, 'हॉट एअर' सारख्या कृतींतून दोषाला लाभलेला अर्थ आणि इंद्रधनुषी होलोग्रामच्या रंगशक्यतांचा शोध, ही सर्व माध्यमाच्या ज्ञानात पडलेली भर आहे. त्याचबरोबर विज्ञानाच्या बाजूनेही कल्पनाशक्तीचा प्रवाह अखंड वाहताना दिसतो. देनिस्युक यांच्या संशोधनामागील विज्ञानकथा हे त्याचे उदाहरण होय. या माध्यमाला कलाविश्वात स्थैर्य लाभले नाही, याची कारणे बहुतांशी संस्थात्मक आणि आर्थिक आहेत : पुनर्मुद्रणावर आधारलेली समीक्षा, अपुरी प्रदर्शनव्यवस्था आणि साहित्यपुरवठ्यावरील उद्योगांचे नियंत्रण.

ही कथा संपलेली मात्र नाही. १९९० च्या दशकात लुईझ बुर्झ्वा आणि जेम्स टरेल यांच्यासारख्या मान्यवर कलावंतांनी होलोग्राम केले आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरने समकालीन कलावंतांच्या होलोग्रामांचे प्रदर्शन भरविले. भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध व्यावहारिक आहे. लहानसा लेसर, वाळूची पेटी आणि योग्य पट्टिका एवढ्या साहित्यावर भौतिकशास्त्र विभाग आणि ललितकला विभाग यांना एकत्र काम करता येईल. त्यासाठी मोठ्या अनुदानाहून अधिक निकड आहे ती एकाच वेळापत्रकात दोन शाखांचे विद्यार्थी एका टेबलाभोवती आणण्याची. मराठीने तरंगाच्या अवस्थेला आणि मानवी निर्मितीला 'कला' हे एकच नाव दिले आहे. हा योगायोग असला तरी होलोग्राफीपुरता तो सार्थ ठरतो, कारण या माध्यमात एकीची नोंद अचूक झाल्याशिवाय दुसरी प्रकट होत नाही.